पिवळ्या फुलदाणीखालची पट्टी

ट्युसॉन, ऍरिझोना
१२ ऑक्टोबर १९८७

प्रिय अर्डिथताई,
स. न. वि. वि.

पार्सल पोचलं. तुझा सफरचंदाचा मुरंबा रॉयने पावाला न लावता नुसता चमच्यानेच संपवला. नवरा माझा, गुण मात्र तुझे गातो.

फुलदाणीबद्दल लिहायला हात उचलत नव्हता. शनिवारी जुन्या काचेच्या आमच्या मंडळात मी ती मिरवत नेली. बाबांनी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत, भट्टीत उरलेल्या काचेतून आईसाठी फुंकलेली, असं सगळ्यांना सांगितलं. मग खोलीत अंधार करून जांभळा दिवा लावला. बाबांच्या काळच्या पिवळ्या काचेत युरेनियम असायचं, ती त्या दिव्याखाली हिरवीगार उजळते. टेबलावरचं सगळं उजळलं, माझीच तेवढी काळी राहिली. मिसेस हॅगर्टी माझ्या कानाशी म्हणाल्या, "बाई, ही दुकानातली नवी नक्कल आहे."

आपण दोघी भांडू नये म्हणून आईने प्रत्येक वस्तूच्या बुडाशी जिच्या तिच्या नावाची चिकटपट्टी लावली होती. माझ्या नावाची ती पट्टी तू काढून नकलेला लावलीस? सख्ख्या बहिणीने असा केसाने गळा कापावा? खरी फुलदाणी धाडून दे.

अजून तरी तुझीच,
नोला


केंब्रिज, ओहायो
१९ ऑक्टोबर १९८७

चि. नोला,
अ. उ. आ.

मुरंबा आवडला हे वाचून बरं वाटलं. रॉयसाठी आणखी एक बरणी ठेवली आहे.

नक्कल मीच पाठवली. हमरस्त्यावरच्या दुकानातून आणली.

तुझ्यासाठी बांधायची म्हणून खरी फुलदाणी कोमट पाण्यात धुतली, तर पट्टी सुटली. खाली दुसरी पट्टी होती, जुनी, तपकिरी पडलेली. तिच्यावर आईच्या हातचं 'अर्डिथ'. आईचं अक्षर उजवीकडे कलायचं. वरचं 'नोला' ताठ उभं आहे, तुझ्या या पत्रातल्या अक्षरासारखं. अठ्ठ्याहत्तरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला आईकडे तू न सांगता भांडी पुसायला उठलीस, तेव्हा आम्हाला केवढं कौतुक वाटलं होतं! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

फुलदाणीचं सोड. त्यानंतर आठ वर्षं मी आईला न्हाऊ घातलं, भरवलं, आणि ती फुलदाणी पुसताना दर वेळी बुडाशी तुझं नाव बघून मनात म्हटलं, करायचं मी आणि द्यायचं नोलाला. गेल्या हिवाळ्यात तिने विचारलं, "अर्डिथ, तू माझ्यावर रागावली आहेस का गं?" मी नाही म्हटलं आणि पाठ फिरवून पडदे सारत बसले. तिला काही कळेना. वसंतात ती गेली. आता हे कुणाला जाऊन सांगू?

फुलदाणी माझ्या खिडकीत आहे, तिथेच राहील. तुझी पट्टी मी वाळवून, डिंक लावून तुझी तुला पोचती केली आहे.

शेवटी लोभ असावा असं लिहायची जन्माची सवय. या खेपेला हात पुढे जात नाही.

अर्डिथ