अर्थिंगचा खड्डा

१२ ऑक्टोबर १९८६

आलो बुवा एकदाचे! परळच्या खोलीला कायमचं कुलूप घातलं आणि नेरूळच्या या नव्याकोऱ्या घरात सामान टाकलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे चिमुकलं अंगण. भिंतींना अजून चुन्याचा वास आहे. बेलापूरचं ऑफिस बसने जवळ. आणखी काय पाहिजे माणसाला?

ट्रकमधून सगळ्यात आधी काय उतरलं असेल, तर माझा संच. थोरल्या भावाने मस्कतहून आणलेला अॅम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर आणि कंबरेएवढे दोन स्पीकर. चाळीत हा लावला की शेजारचे भिंतीवर थापा मारायचे, त्यामुळे आवाजाचं बटण कधी मोकळेपणाने फिरवताच आलं नाही. भांड्यांची पोती अजून दारात पडलीत आणि हा मनुष्य स्पीकर पुसत बसलाय, असं म्हणून गोजराने कपाळावर हात मारला. बायको आहे, तिचा हक्क आहे.

सखूने तर डोकं उठवलंय. चार वर्षांची पोर, पण तोंडाला क्षणाची विश्रांती नाही. स्पीकरमधली माणसं कुठे झोपतात, त्यांना भात कोण वाढतं, इथपर्यंत चौकशी झाली. संध्याकाळी आईबरोबर वंदना म्हणताना तिच्या बोबड्या उच्चारांनी रिकामं घर कसं भरून गेलं! मला फार बरं वाटलं.

१६ ऑक्टोबर

ऑफिसातून आलो की एकच उद्योग. स्पीकर भिंतीला टेकवले तर तबला गुळमट वाजतो. हातभर पुढे ओढले तर थाप सुटी होते, पण सनई पातळ पडते. शेवटी मधली जागा सापडली. स्पीकरखाली विटा ठेवल्या. प्लेअरखाली कडप्प्याची फरशी आणि तिच्याखाली सायकलची जुनी ट्यूब, म्हणजे सखू नाचली तरी सुई उडत नाही. मागच्या भिंतीवर गोधडी टांगली. गोजरा म्हणाली, आता स्पीकरला अंगाई पण म्हणा.

पण एक खुटखुट आहेच. सनईवाला श्वास घ्यायला थांबला की मागून बारीक घूंऽऽ ऐकू येतं. एकदा कानाला लागलं की मग तेच ऐकू येत राहतं. जेवताना पण डोक्यात तेच. ते घालवल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

१९ ऑक्टोबर

आज विलास आला होता. ऑफिसातला मित्र, रेडिओ दुरुस्तीत हात बसलेला. त्याने घरातलं वायरिंग तपासलं आणि सांगितलं की तुझ्याकडे अर्थिंग नावालाच आहे, टेन्शन घेऊ नको, अंगणात स्वतःचा खड्डा कर. तांब्याची प्लेट पुरायची, तिच्यावर कोळसा आणि खडेमीठ थराथराने टाकायचं, वायर आणून अॅम्प्लिफायरला जोडायची आणि माती ओली ठेवायची. नको असलेलं सगळं जमिनीत उतरून जातं, म्हणाला.

दोघांनी मिळून खणलं. हातभर भरावाची मुरूम-माती, आणि खाली काळाभोर चिखल, खाडीचा वास असलेला. तेवढ्यात शेजारच्या सारसोळे गावातल्या वेणूबाई मासळीची पाटी घेऊन आल्या. खड्डा बघितला आणि पाटी खाली ठेवायच्या थांबल्या. म्हणाल्या, हितं भराव पडायच्या आदी खोल पानी होतं. आमची मानसं हितून होडी नेताना तोंड मिटून नेत. कोनी कोनाला हाक मारत नसे. त्या पान्याला आवाज द्यायचा नसतो.

विलास हसला. मी पण हसलो. म्हटलं, बाई, आम्ही आवाज देत नाही, घरघर देतोय. त्या मासळी न विकताच गेल्या.

२१ ऑक्टोबर

वा! वा! घूं गेली! नावालाही उरली नाही. रेकॉर्ड लावली आणि दोन सुरांच्या मध्ये अशी शांतता की अंगावर काटा आला. सनईवाल्याची बोटं हलताना ऐकू येतात. गोजरासुद्धा पोळ्या टाकून येऊन बसली. विलासला उद्या ऑफिसात भजी खिलवायची.

खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं. जमिनीने ते गटागटा प्यायलं.

२७ ऑक्टोबर

या घराला काय झालंय कोण जाणे, पण फार सुख आहे. मोरीतला गळका नळ टपटपायचा, तो आता टपटपत नाही. पाणी गळतंय, खाली बादली भरतेय, पण आवाज नाही. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकही बंद आहे आणि वेळ मात्र बरोबर. मी ऐकायला बसतो तेव्हा मध्ये येणारी एकेक गोष्ट गप्प होत चाललीय.

गोजराला हे आवडलेलं नाही. मी तिला म्हटलं, लोक अशा शांततेसाठी माथेरानला जातात.

२ नोव्हेंबर

आज दिवाळी. मागच्या गल्लीतली पोरं आमच्या अंगणात लवंगी लावायला आली. माळ पेटली, धूर झाला, कागदाच्या चिंध्या उडाल्या. आवाज काहीच नाही. पोरांना वाटलं फटाके सादळले. तसलीच दुसरी माळ त्यांनी फाटकाबाहेर लावली, तर कानठळ्या बसल्या.

सखूने टिकल्यांची बंदूक माझ्या कानाशी धरून चाप ओढला. ठिणगी दिसली, वास आला. मी हसून दाखवलं, पण मला काही बरं वाटलं नाही.

५ नोव्हेंबर

कुकरची शिट्टी वाजत नाही. वाफ जाते, शिट्टी उडते, ऐकू येत नाही. डाळ करपली.

त्याहून वाईट म्हणजे सखूचा आवाज बसलाय. वंदनेच्या वेळी तिचे ओठ हलत होते आणि कुजबुजीइतकंच ऐकू येत होतं. आइसक्रीमचं निमित्त असेल, मी गोजराला म्हणालो.

अॅम्प्लिफायरची वायर काढून बघितली. घूं आली नाही. नळही वाजला नाही. पुन्हा जोडून टाकली.

७ नोव्हेंबर

देवा रे. कुणाला हाक मारू?

सखू मागच्या पायरीवरून पडली. कपाळ फुटलं. गोजरा पाच पावलांवर भांडी घासत होती, तिला कळलंच नाही. मी आत आलो तेव्हा पोर जमिनीवर बसून रडत होती, तोंड सगळं उघडं, गळ्याच्या शिरा ताठ, आणि आवाज नाही. किती वेळ ओरडत असेल ती? किती वेळ आईला हाका मारत असेल?

तसंच उचलून वाशीच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी टाका घातला, घसा बघितला. घसा उत्तम आहे म्हणाले. घाबरली असेल, बोलेल. मला वाटलं होतं घराबाहेर काढली की आवाज येईल. नाही आला. फटाक्याचा आला होता, हिचा नाही आला.

हे सगळं मी केलं. एका घरघरीपायी.

९ नोव्हेंबर

गोजरा सखूला घेऊन माहेरी जायला निघाली होती. तेवढ्यात अॅम्प्लिफायर चालू दिसला. मी लावला नव्हता. प्लेअरवर रेकॉर्ड नव्हती.

स्पीकरमधून नळ टपकत होता. मग घड्याळ. मग आमच्या कुकरची शिट्टी. इतकं स्वच्छ की डोळे मिटले तर कुकर कुठे ठेवलाय ते बोट दाखवून सांगता यावं. आणि मग सखू. आई, मला लागलं. आई, ये ना. बाबा, इथे अंधार आहे.

आणि सखू स्वतः माझ्याजवळ उभी, तोंड मिटून, स्वतःचंच रडणं ऐकत.

आवाज डाव्या स्पीकरचा नाही, उजव्याचाही नाही. दोन्हींच्या मधला, पण फरशीच्या खालचा. गोजरा आता माहेरी जायला तयार नाही. पोरीचा आवाज इथे ठेवून मी कशी जाऊ, म्हणते.

१० नोव्हेंबर

सारसोळ्याला गेलो. वेणूबाईंच्या पाया पडलो. त्यांनी हात धरून उठवलं. त्यांची आजी सांगायची ते त्यांनी सांगितलं. वायर हाय तवर वाट हाय. ती तोडा. आनि तोडल्यावर कोनी बी हाक मारू दे, वलखीचा आवाज असू दे, ओ देऊ नका. ते ओ मागत मागत वर येतं. ज्यानं ओ दिली त्याचा आवाज गेला, आनि मागनं तो बी गेला.

आणि माझ्या सखूचा आवाज? विचारलं. ते आजीनं कदी सांगितलं नाय, म्हणाल्या.

गोजराला सगळं सांगितलं. ती एकदम भडकली. माझ्या लेकराने आई म्हणून हाक मारली आणि मी ओ द्यायची नाही? असली कसली आई मी? मी तिला शपथ घातली. तिने घेतली नाही.

११ नोव्हेंबर, सकाळ

गोजराला वेणूबाईंना आणायला पाठवलं. ती घरात नसतानाच केलेलं बरं. सखूला पायरीवर बसवलं.

खड्डा उकरला. प्लेट नाही. मीठ नाही, कोळसा नाही. वायर सरळ खाली गेलेली, ताठ — कुणीतरी धरून ठेवल्यासारखी —

पकडीने तोडली. तोडलेलं टोक आत ओढलं गेलं.

सखूला आत आणलं, मागच्या दाराला कडी घातली आणि तिला मांडीवर घेऊन बसलो.

नळ वाजतोय! घड्याळ! अंगणात दिवाळीची सगळी माळ फुटतेय, फटाका एकही नाही. आलं, सगळं परत आलं —

बाबा. स्पष्ट. माझ्या सखूचा आवाज.

मी ओ दिली. तोंडातून निघूनच गेली. इतक्या आनंदाने —

सखू मांडीवर होती. तिचं तोंड मिटलेलं. ती मान हलवतेय. नाही, नाही.

ओरडून बघितलं. माझा आवाज निघत नाही. भांडं आपटलं. तेही वाजत नाही —

बाहेर हाका. आई. आई, मी इथे. अंगणातून. गोड, बोबड्या. गोजरा फाटकातून येतेय. एकटीच. ती थांबली. तिने ऐकलं. रडतेय, हसतेय. घराच्या बाजूने मागे धावतेय. दाराची कडी काढून मी पोचेपर्यंत ती —

खिडकीवरून जाईल. हे पान गजाला धरतो. मोठं लिहितो —

गोजरा ओ देऊ नको

ती सखू नाही. सखू माझ्याजवळ आहे

इकडे बघ. गोजरा. इकडे. तोंड मिट. तोंड मि