बाटली उभी ठेवावी

मी, सिद्धोधन सिताराम जोंधळे, वय त्रेपन्न वर्षे, धंदा शिक्षकी आणि अधूनमधून लोकांची खोडी काढणे, राहणार पालम, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. मी शुद्धीवर आहे. त्याची खात्री आमचे निवृत्त मुख्याध्यापक दिनकरराव यांनी सतराचा पाढा म्हणवून करून घेतली आहे. दडपण म्हणाल तर कोणाचेही नाही. फक्त रक्ताचे आहे, त्याचा खुलासा पुढे येईल.

इस्टेटीकडे वळण्याआधी एक गाऱ्हाणे दप्तरी नोंदले जावे. या घरात तीन कुकर आहेत, दोन किसण्या आहेत, आणि माझी पत्नी सुकेशनी हिने प्रदर्शनातून आणलेले सफरचंद सोलायचे यंत्रही आहे, जरी सफरचंद या घरात कुणी आजारी पडल्याशिवाय येत नाही. ओपनर मात्र नाही. माझी आई सरजाबाई हिचा तसा हुकूम आहे. बाटलीचा बिल्ला उडवायचे हत्यार ज्या घरात असते, त्या घरी बाटली आपल्या पायाने चालत येते, असे तिचे म्हणणे. सुशिक्षित माणसावर याहून मोठा अन्याय मला ठाऊक नाही. पुढचे सगळे त्या ओपनरपायी झाले.

आता कारण. माझ्या छातीतली मोठी रक्तवाहिनी एका जागी फुगली आहे. हैदराबादच्या डॉक्टरांनी ती पडद्यावर दाखवली. सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगा येतो, तशी दिसते. "फुटेल कधी?" मी विचारले. "सांगता येत नाही." "साधारण?" "यात साधारण असं काही नसतं." येत्या गुरुवारी, २९ तारखेला, ऑपरेशन आहे. तोवर वजन उचलू नका, जोरात खोकू वा बोलू नका, चिडू नका, असे त्यांनी बजावले. मी गेली वीस वर्षे एका साप्ताहिकात 'चिमटा' नावाचे सदर लिहितो. न चिडता माणूस काय लिहिणार? तेव्हापासून डाव्या कुशीवर पडलो की आतून कुणी दार ठोठावते आहे असे वाटते. सावकाश ठोठावते. त्याला घाई नाही.

कलम पहिले. पालम येथील राहते घर सुकेशनीचे. तिला ते नको असले तरी तिचेच. आई हयात असेपर्यंत मधली खोली आईची, आणि त्या खोलीतल्या वस्तू कशा ठेवायच्या हे आई ठरवील. यावर कुणीही विनोद करू नये. मी पुष्कळ केले आहेत.

कलम दुसरे. भविष्य निर्वाह निधी व बँकेतली ठेव सुकेशनी व मुलगी सृष्टी यांना निम्मी निम्मी. स्कूटर विकावी. तिच्यावर माझ्याइतका विश्वास दुसरे कुणी ठेवणार नाही. माझ्या सदराची कात्रणे रद्दीत घालू नयेत, विशेषतः एक. ते कोणते, हे पाचव्या कलमात आहे.

कलम तिसरे. स्वयंपाकघरात फडताळावर जे काचेचे चंचुपात्र आहे, ज्यात सुकेशनी दह्याचे विरजण लावते, ते शाळेच्या प्रयोगशाळेचे आहे. परत करावे. धुऊन.

कलम चौथे, बाटलीबाबत.

मधल्या खोलीच्या कोनाड्यात एक काळपट तपकिरी बाटली आहे. ही बेल्जियम देशातल्या मठातली काळी, कडक बियर. तिथले साधू ती आंबवतात. सृष्टी समाजकल्याणच्या शिष्यवृत्तीवर तिथे शिकत होती, तिने येताना दोन बाटल्या आणल्या. एक संपली. ही उरली. हिच्यावर मुदत २०३३ ची छापली आहे. घरात माझ्याहून लांब मुदतीची वस्तू आहे हे मी रोज वाचतो.

पहिली बाटली आम्ही बापलेकीने दोन वर्षांपूर्वी, भरदुपारी उघडली. आई आणि सुकेशनी पूर्णेला धम्म परिषदेला गेल्या होत्या. पंचशीलातले पाचवे, दारू न पिण्याचे शील मी लहानपणापासून म्हणतो, बाकीची चार शाबूत आहेत असा दावा मी कधीच केलेला नाही. घरात ओपनर नव्हता, म्हणून मी बसस्थानकासमोर बन्सीधरच्या टपरीवर गेलो. चहा आणि थंड पेये विकणारा हा बन्सीधर, पूर्वी आमच्या मूळ गावच्या सरकारमान्य देशी दारू दुकानाचा मालक. बारा वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

"वपनर पायजे होता," मी म्हणालो.

"कशाला, सर?"

"सोडा उघडायला."

"सोडा मी इकायलोय, अन् तुमी निस्ता वपनर न्यायलाव व्हय?" त्याने माझ्याकडे बघितले. मग खिळ्यावरचा ओपनर काढून पुढे केला. "न्या. पर माघारी आणा. टपरीत एकच हाय."

मी तो माघारी नेला नाही. तोंड नव्हते.

घरी सृष्टी शिकवणीच्या आवेशात बसली होती. "थांबा बाबा. फ्रीजमधून काढून अर्धा तास होऊ द्या. गार असली की ही तोंड मिटून बसते. आणि हलवू नका, तळाला गाळ असतो. तो जिवंत असतो." तिने चंचुपात्र तिरपे धरून सावकाश ओतली. रंग उसाच्या काकवीचा, उजेडाकडे धरला की कडेला लाल. फेस दुधाच्या करपलेल्या सायीसारखा.

"आधी बघा. मग हुंगा. मग घोट. आणि लगेच गिळायचं नाही."

"आपल्याकडं उलटं असतं," मी म्हणालो. "आधी गिळतात. बघायला लोक येतात. हुंगायला पोलीस."

ती हसली. मी हुंगले आणि हसायचा थांबलो. आधी खारीक. मग लवंगेची एक टोचणी. मग भाकरीचा तव्यावर राहून करपलेला पापुद्रा. माझे आडनाव जोंधळे, एवढे तर कळणारच. आणि या सगळ्याच्या खाली गुऱ्हाळातली काकवी, कढईच्या काठाला लागून जळालेली. घोट घेतला. आधी गोड, मग जिभेच्या मुळाशी मेथीसारखा कडू, आणि गिळल्यावर छातीत, बरोबर त्याच जागी, सावकाश पसरणारी ऊब. इतकी चांगली वस्तू मी आयुष्यात चाखलेली नाही, हे मी कायदेशीर कागदावर लिहून देतो. पण तो वास माझ्या धाकट्या भावाचा होता. नागेश ऊसतोडीला गंगाखेडकडे जायचा आणि परत आला की त्याच्या अंगाला, बोटांना हाच वास असायचा. "बाबा, डोळ्यांत पाणी का?" सृष्टीने विचारले. "लवंग," मी म्हणालो.

तळाचा बोटभर गाळ तिने मला ओतू दिला नाही. "तो नाही प्यायचा. कडू असतो, आणि पोटात गडबड करतो. म्हणून ही बाटली नेहमी उभी ठेवायची."

आणि आमच्या घरात बाटली उभी राहत नाही.

हे बाहेरच्या माणसाला सांगावे लागेल. २०११ साली, आम्ही पालमला येण्यापूर्वी, आमच्या मूळ गावात दारूचे दुकान बंद करायला बायांचे मतदान झाले. चिठ्ठीवर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. माझ्या वडिलांना दारूने नेले होते. आई पुढारी झाली, दारोदार हिंडली आणि आडवी बाटली निवडून आणली. त्यानंतर आमच्या घरात खोबरेल तेलाचीसुद्धा बाटली आडवी असते. अर्धे तेल फळीला, अर्धे डोक्याला. लोक म्हणत, म्हातारीला विजयाचा कैफ आहे. मीही यावर एक सदर लिहिले होते.

परिषदेहून परतल्यावर तिला ही दुसरी बाटली दिसली. बाटलीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर झगा घातलेला साधू, हातात पेला. तिने हात जोडले.

"हे भंतेजी कुठले?"

"परदेशातले, आई."

"हातात काय हाय त्येंच्या?"

"काढा."

"लय गुणाचा आसंल," ती म्हणाली, आणि बाटली कोनाड्यात आडवी ठेवून दिली. मी गुपचूप उभी करायचो. दुसऱ्या दिवशी आडवी. असे दोन वर्षे चालले आहे. आत काहीतरी जिवंत आहे आणि ते दर दिवशी ढवळले जाते. कधी कधी कान लावला तर बारीक फसफस ऐकू येते, की ती माझ्याच आतली, ते ठरवता येत नाही.

कलम पाचवे, कात्रणाबाबत. हे लिहायला मला चौदा वर्षे लागली.

दुकान बंद झाल्यावर पुढच्या उन्हाळ्यात नागेश ऊसतोडीहून परत आला. दुकान नव्हते, तहान होती. नाल्यापलीकडच्या शेतात हातभट्टी लागली होती, तिथे तो गेला. दुपारी घरी आला तो भिंत चाचपत. दवाखान्यात माझा हात धरून म्हणाला, "दादा, समदं पांढरं दिसायलंय." आणि मग, "नाल्याकडची होती. आईला सांगू नगंस. तिला वाटंल, तिच्यापायी झालं." संध्याकाळच्या आत तो गेला.

मी आईला सांगितले नाही. त्याऐवजी मी लेख लिहिला. बंद दुकानातला लपवलेला जुना माल बन्सीधरने विकला आणि त्याने माझा भाऊ मेला, असे मी लिहिले. लेख फार गाजला. माझ्या सगळ्या लेखांत भाषा त्यातच उत्तम आहे. चौकशीत काही निघाले नाही, पण छापलेले गावाने खरे मानले. बन्सीधरच्या मुलीची ठरलेली सोयरीक मोडली. त्याने गाव सोडले आणि पालमला टपरी टाकली. त्याच्या दुकानातला माल त्या दिवशी कुणी प्यायलेला नव्हता. तो स्वतः तर आयुष्यात थेंब प्यायलेला नाही.

तरी माझ्या मृत्यूनंतर, आणि आईच्याही मृत्यूनंतर, त्याच साप्ताहिकात, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत हे कलम छापावे. मी गेलो आणि हे लिहिलेले नसले, तर माझे खोटे माझ्यापेक्षा जास्त जगेल.

खाडाखोड. 'माझ्या मृत्यूनंतर' पासून 'आईच्याही मृत्यूनंतर' पर्यंत जे काही वरती आहे ते रद्द समजावे. कारण पुढीलप्रमाणे.

आज सकाळी मी इथवर आलो होतो. आई समोर सुपात तूर निवडत होती.

"रोज काय लिवायलास, सिद्धू?"

"मृत्युपत्र."

"कुनाचं?"

"माझं."

ती खडे बाजूला करत राहिली. "वाच."

मी पहिल्या कलमापासून वाचले. विनोद करू नये म्हटले तिथे ती हसली. बियर चाखल्याचे मी भरभर वाचले. ती म्हणाली, "काड्याच्या बाटलीला लोखंडी बिल्ला असतोय व्हय रे? म्हातारी हाय म्या, खुळी न्हाई. म्होरं वाच."

पाचवे कलम मी गाळणार होतो. छातीत ठोठावणे सुरू होते. डॉक्टरांनी जोरात बोलू नका म्हटले होते, म्हणून हळू वाचले. संपले तेव्हा सुपातला हात थांबलेला होता.

"मला ठावं हाय," आई म्हणाली.

"काय?"

"नाग्याच्या तोंडाला भट्टीचा वास होता. दुकानातल्या दारूचा वास म्या वळखत न्हाई व्हय? बावीस वर्सं तुझ्या बापाच्या तोंडाचा हुंगला. लेकराचं तोंड पुसलं तवाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू माझ्यासाठी एवढं लिवलंस. म्हनलं, ऱ्हाऊ द्यावं पोराचं." एक खडा बाजूला टाकून, "अन् माझं बी भागत होतं त्येच्यावर."

"आणि या आडव्या बाटल्या?"

"लोकास्नी वाटलं जितल्याची मिजास. उभी बाटली दिसली की मला बन्सीधर उभा दिसतोय, बाबू. दारात. काय न बोलता."

ती उठली, कोनाड्यातली बाटली दोन्ही हातांनी उचलली आणि उभी ठेवली. पदराने साधूचे तोंड पुसले. मग म्हणाली, "त्यो वपनर आदी देऊन ये. मिठाच्या बरणीमागं ठिवलायस त्यो."

म्हणून कलम पाचवे असे वाचावे: सदर खुलासा माझ्या हयातीत छापावा. मजकूर आजच साप्ताहिकाकडे पाठवला आहे. गुरुवारचे काहीही होवो, तो थांबवण्याचा अधिकार कोणाला नाही, मलासुद्धा.

कलम सहावे. मी परतलो तर बाटली माझी. न परतलो तर सृष्टीची. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे वकील सांगतात, म्हणून बन्सीधरला काही देत नाही. पण ती उघडायची कुठे, हे सांगण्याचा मला अधिकार आहे. त्याच्या टपरीवर, त्याच्याच ओपनरने, दिवसाउजेडी उघडावी. तो पिणार नाही. त्याला हुंगायला द्यावी. आईलाही द्यावी. त्या दोघांच्या नाकाशी बरोबरी करणारे तालुक्यात तिसरे नाक नाही. आधी आठ दिवस बाटली उभी ठेवावी आणि तळाचा बोटभर गाळ ओतू नये.

हा कागद घेऊन मी टपरीवर गेलो. बन्सीधरने दोन कप चहा ठेवले, चष्मा लावला आणि पाचवे कलम दोनदा वाचले. मी खिशातून ओपनर काढून फळीवर ठेवला. त्याने तो सदऱ्याला पुसला आणि मागे वळून अडकवला. खिळा रिकामाच होता.

वरील मजकूर, खाडाखोडीसह, मी वाचून, समजून सही केली आहे.

सही: सिद्धोधन सिताराम जोंधळे
स्थळ: पालम, बसस्थानकासमोर
दिनांक: २३ जानेवारी २०२६, शुक्रवार

साक्षीदार क्र. १: दिनकरराव (निवृत्त मुख्याध्यापक). सही. पाढा बरोबर म्हटला, फक्त सतरा नव्वे एकशे त्रेपन्नला अडखळले.

साक्षीदार क्र. २: बन्सीधर नामदेवराव शिंदे. सही. वपनर मिळाला.