पेपरांच्या कपाटासाठी चार ओळी

पप्पा, तुमच्या विभागात तुमच्या नावाचं कपाट होतंय. तुमच्या संशोधनाचे छापून आलेले सगळे पेपर त्यात लावणार, सोबत एक पुस्तिकाही काढणार. तुमच्या हाताखाली शिकलेल्या मॅडम आता तिथंच शिकवतात, त्यांचा फोन आला, "घरचा म्हणून तू चार ओळी दे." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता यांना जाग आली. मी तेव्हा गंगापूरच्या जीपमध्ये अडकलो होतो, सीट भरल्याशिवाय ड्रायव्हर हलत नव्हता. त्या घरजावई ड्रायव्हरनं दोनदा सासर सोडून पळ काढलाय, लई भारी माणूस, पण ते असू द्या. मॅडमनी तुमचं काम समजावलं. पेशीला बाहेरून निरोप आला की आत काय हलतं, आणि मधलं एखादं एन्झाइम अडवलं तर तो निरोप कुठं थांबतो. मी बी.एस्सी. अर्ध्यात सोडलेला, तरी एवढं कळलं. घरातून मारलेली हाक कुठं थांबते, यावरही एखादा पेपर काढायचा होता तुम्ही.

माझ्या वाढदिवसाची ती सकाळ. विभागातला फ्रीज बंद पडलेला, म्हणून तुम्ही बकऱ्याची ताजी कलेजी बर्फाच्या डब्यात घालून घरी आणता, फ्रीजमध्ये ठेवता आणि काही न बोलता आंघोळीला जाता. तिच्यातून तुम्ही एन्झाइम काढायचात, हे आईला कुठून ठाऊक असणार? ती डबा उघडते आणि मला म्हणते, "बघ, ध्यानात ठेवलं का नाय? उगं बोलत असतोस त्यांना." कांदा, लसूण, काळा मसाला, घरभर वास सुटलेला. तुम्ही टॉवेलवरच स्वयंपाकघरात येता. "हे काय केलं?" "लेकराचा वाढदिवस नाय का आज? त्याच्यासाठीच आणली ना?" "कसला वाढदिवस? प्रयोगाची होती ती. सगळी सकाळ घालवली माझी." कपडे चढवून तुम्ही परत कसायाकडं निघून गेलात. आईनं कढईतलं ताटलीत वाढलं. मग म्हणाली, "बस. गरम आहे तवर खाऊन घे." चव इतकी छान उतरली होती की त्याचाच जास्त राग आला.

पुढं तो पेपर छापून आला. शेवटी आभार होते. गाईडचे, विभागाचे, ताजी कलेजी दिल्याबद्दल मटणवाल्याचेसुद्धा. आईचे नव्हते. तिनं ते पान मला वाचायला लावलं होतं, पप्पा. ऐकून म्हणाली, "चांगलं केलं, बिचारा पहाटे दुकान उघडायचा."

काल मी हे सगळं लिहून बसलो होतो. आई मेथी निवडत होती. म्हणाली, "वाच की, काय लिहिलं बापाबद्दल?" मी कागदाकडं बघत, त्यावर नसलेलं मनानंच रचून वाचलं, "पप्पा कामात कितीही बुडालेले असोत, घरच्यांचं सगळं त्यांच्या ध्यानात असायचं." ती निवडता निवडता थांबली. "व्हय," म्हणाली, "असंच दे."

मॅडमना तेच दिलं. हा कागद कुठं द्यायचा नाही. फक्त एक सांगतो, ते वाक्य तोंडातून निघालं तेव्हा घडीभर मीही त्यावर विश्वास ठेवला, आणि बरं वाटलं.