बाबाच्या बोटातला नीलम

ब्रह्मपुरी,
१९ नोव्हेंबर २०२४

दादा,

रुपालीचा नमस्कार. सारे बरे हायेत असं लिहायची पद्धत हाय म्हणून लिहिलं, बरं कोणीच नाई. धानाची कापणी सुरू हाय, आई मजुरीले जाते. फोन बाबाच्या उशाशी असते अन् तुहा आवाज तो स्पीकरवर लावूनच ऐकते, म्हणून हैदराबादले निघालेल्या नथ्थूभाऊजवळ ही चिठ्ठी देऊन राह्यली.

तू पाठवलेला नीलम बाबानं रीतीनं तीन दिवस निळ्या कापडात दंडाले बांधला. वाईट सपन पडलं नाई. तिसऱ्या दिवशी तलावात जाळ्याले दोन मोठ्या मरळी लागल्या. झालं! नीलम लागला म्हणून बाबा गावभर सांगत फिरला. मंग अंगठी करून घेतली.

तुले कोणी सांगतलं होतं रे खडा पाठवाले? पाठवाचाच होता तं मले विचाराचं. चार वर्सं झाले, सोनाराच्या दुकानात भिंग घेऊन बसते मी. खरा नीलम इतका साफ नसते. त्याच्यात रेशमासारखे बारीक धागे असते, रंग कुठी गडद, कुठी फिका. त्याले हिऱ्याबिगर सहसा काही ओरखडत नाई. तुह्या खड्यात गोल बुडबुडे हायेत. तलावाच्या रेतीनं महिनाभरात कडा बोथट झाल्या. काच हाय ते. अन् बाबा लोकायले दाखवते, "पाहा, एक डाग नाई." डोकं फिरते माहं.

खडा गेला चुलीत. बाबाचा खोकला बसला होता. दोन महिने क्षयाच्या गोळ्या खाल्ल्या म्हणून बसला, नाव झालं नीलमचं. आज बावीस दिवस झाले, गोळ्या बंद. आशाताई बुधरीबाई गोळ्या घेऊन रोज येते, बाबा तिले अंगठी दाखवून वापस लावते. डॉक्टर म्हणते, सहा महिने पुरे केले नाई तं बिमारी उलटते, मंग ह्या गोळ्या कामच करत नाई. कालपासून खोकला पुन्हा सुरू हाय.

तू म्हणशील, खडा खोटा हाय हे तू काऊन नाई सांगत.

पार्सल आलं त्या दिवशी बाबा अंगात ताप घेऊन बसनं माह्या दुकानात आला. गिऱ्हाइकायसमोर खडा माह्या हातावर ठेवला. म्हणे, "पाय बरं बाई, पोरानं पाठवला. खरा हाय ना?" बुडबुडे मले तवाच दिसले, दादा. पण बाबाचं तोंड पाह्यलं अन् म्हणून देल्लं, "खरा हाय बाबा, एक नंबर."

परवा सारं कबूल केलं त्याच्यासमोर. तो हसला. म्हणे, "गोळ्या खाव म्हणून खोटं बोलून राह्यली तू."

आता माह्या बोलण्याचा उपयोग नाई. सुट्टी भेटो का नाई भेटो, तू ये. दुकानदारानं फसवलं, हे तुह्या तोंडानं सांग. त्याचं मन मोडन, मले मालूम हाय. मोडू दे.

बाबानं जिचं एकदाच ऐकलं, ती तुही बहीण,
रुपाली