निळ्या गाठीचं वाळुंज

स्यरबू, वर्मलँड
१९ मार्च

प्रिय तुर्केलदादा,

आम्ही देवाच्या कृपेनं ठीक आहोत. तुम्हा दोघांना आणि मार्गिटवहिनीच्या गुडघ्याला बरं असावं. तळ्यावरचा बर्फ काठाकडून काळा पडायला लागलाय. आईनं परवा क्रीमचे पाव केले. तुझ्या वाटणीचा तिनं झाकून ठेवला, मग मीच खाल्ला.

तू लिहिलंस, ईस्टरला येतो, पण काठावरचं वाळुंजाचं झाड आधी तोड. ते उभं असेपर्यंत काठाकडे पाहवत नाही. त्याचंच उत्तर द्यायचंय, आणि मी पावांचं लिहीत बसलोय.

शनिवारी करवत घेऊन निघालो. चर्चच्या स्वयंपाकघरातून हेडविगमावशी ओरडली, "एस्किल, चार डहाळ्यांना एवढी करवत? कुठं जंगल तोडायला निघालास?" रविवारच्या शाळेतली पोरं हसत मागं लागली. त्यांना वाटलं, दर ईस्टरसारखी रंगीत पिसं बांधायला डहाळ्या आणायच्यात. मीही तसंच म्हटलं.

झाडाला करड्या, मांजरीच्या पंजासारख्या मऊ कळ्या आल्यात. पोरांनी खालच्या डहाळ्या चाकूनं कापल्या. त्यांतली धाकटी ट्यूरा बुंध्याशी वाकून म्हणाली, "काका, याच्या गळ्यात कुणी दोरा बांधलाय. दुखत असेल ना?"

तुझ्याच मासे धरायच्या गळाची निळी दोरी, दादा. ईस्टर संपला की आपण डहाळ्या चुलीत घालायचो. त्या वर्षी सिव्हनं, आपल्या एवढ्याशा बहिणीनं, स्वतःची दिली नाही. पिसांसकट काठावर रोवली, "ही जळणार नाही" म्हणाली. पुढच्या हिवाळ्यात तळ्यानं तिला नेलं, आणि डहाळीनं मूळ धरलं. पिसं गेली. तू तिला शिकवलेली गाठ सालीत अर्धी रुतलीय.

"सोडव ना," ट्यूरा म्हणाली.

"आता सोडवली तर साल फाटेल गं."

चर्चमध्ये डहाळ्या कोमट पाण्यात ठेवल्या. पोरांनी पिवळी, लाल पिसं बांधली. ट्यूरानं एक डहाळी वेगळी काढून नुसती निळी पिसं बांधली.

"कुणाची गं ही?"

"झाड लावलं तिची."

मी सिव्हचं नाव काढलं नव्हतं. हेडविगमावशीला विचारलं, तीही नाही म्हणाली. मग मी कुणाला काही विचारलं नाही. घरी येऊन प्रार्थना केली, तरी करवतीला हात लागेना. ती खुंटीवर आहे.

झाड उभं आहे, दादा. तोडायचंच असेल तर तू ये, ती गाठ एकदा बोटानं चाचपून बघ, मग तूच तोड. मी फांद्या धरेन.

सोबत ओल्या शेवाळात गुंडाळून त्या झाडाची एक डहाळी पाठवतोय. पिसं बांधलेली नाहीत. पाण्यात ठेव. मुळं फुटली तर घाबरू नकोस.

तळ्याकडची खिडकी अजून न लावणारा,
तुझा धाकटा
एस्किल