नको म्हटल्यावर वाढलेली फुलकोबी

बा, आज जेवताना नातसुनेनं विचारलं, "आजी, अजून एक पोळी?" मी नको म्हटलं आणि तिनं डबा बंद केला. शहाणी पोर आहे, नको म्हणजे नको हे तिला शिकवावं लागत नाही. मला मात्र तू आठवलास, म्हणून लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं, हे काही मी विसरलेले नाही.

मळ्यातली विहीर उन्हाळ्याआधीच तळाला गेली, त्या वर्षी जऊळक्याच्या स्टेशनाजवळच्या डाक बंगल्यात बेअऱ्याची जागा निघाली. तू तिथे रोज भाजी घालायचास, म्हणून म्हाताऱ्या खानसाम्यानं तुझं नाव पुढे केलं. दौऱ्यावरच्या साहेबाला एक जेवण नीट वाढायचं, की जागा तुझी. खानसामा इंग्रजी शब्द सांगायचा, तू ते वाटभर तोंडात घोळवत घरी आणायचास, आणि मी पाटीवर मराठी अक्षरांत उतरवून तुझ्याकडून घोकून घ्यायची. प्लेट, स्पून, फोर्क, नॅपकिन. मास्तरणीचा तोरा होता मला. संध्याकाळी चुलीपुढे माय साहेब व्हायची. तू खांद्यावर धुतलेलं धोतर टाकून तिच्या डाव्या अंगानं वाकतोस, भाकरीची टोपली पुढे करतोस. "सम मोर, सर?" माय तोंडाला पदर लावते. "नो थँक्यू म्हन व माय," मी सांगते. ती कसंबसं म्हणते, आणि तू तिच्या ताटात आणखी चतकोर टाकतोस. तिथेच तुला टोकायला हवं होतं. पण आपल्या घरी पहिल्या नकाराला कुणी किंमत दिली होती? पाहुणा ताटावर हात आडवा धरायचा, तू बोटांच्या फटीतून वाढायचास, आणि तो मुकाट्यानं खायचा.

बंगल्यातही तेच झालं. साहेबापुढे फुलकोबी आली, तीही आपल्याच मळ्यातली, विहिरीचं शेवटचं पाणी पिऊन वाढलेली. साहेब 'नो, थँक्यू' म्हणाला. तू वाढलंस. तो पुन्हा म्हणाला, त्यानं प्लेटवर हात धरला. तू तरी वाढलंस, आणि पांढरा रस्सा त्याच्या बाहीत गेला. खानसाम्यानं तुला मागच्या दारानं बाहेर काढलं. "ना बोले तो हट जाना था, भाई," एवढंच तो म्हणाला.

घरी आलास तेव्हा मी चिडले. इतके शब्द पाठ करून घेतले होते. "तुले त्याचा अर्थ ठाऊक होता ना बा? मंग काहून वाढलं?"

तू पाय धूत होतास. "ठाऊक होता व. पन तो सकायच्या गाडीनं आला, तसाच कामावर गेला. उपाशी मानसापुढून भांडं कसं उचलू?"

जागा दुसऱ्याला मिळाली. तू पुढे जन्मभर लोकांच्या शेतात राबलास, आणि एका फुलकोबीपायी राबतोस हे मी तुला कितीदा तरी ऐकवलं. त्याची आता लाज वाटते.

तुझ्या अखेरच्या दुखण्यात मी माहेरी आले होते. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून वाटीत आणल्या. दोन घास घेऊन तू थांबलास. मी गमतीनं विचारलं, "सम मोर, सर?" तू बारीक हसलास, वाटीवर हात आडवा धरलास. "नो, थँक्यू." उच्चार अगदी मी घोकून घेतला होता तसा. मलाही हसू आलं, आत माझं लेकरू रडत होतं, मी वाटी उचलली. पहाटे तू गेलास.

माय मागाहून विचारायची, "पोटभर जेवला होता ना व तुया बा?" मी दर वेळी हो म्हटलं, वाटी चाटूनपुसून खाल्ली म्हटलं. ती वाटी मी गोठ्यात गाईपुढे रिकामी केली होती. मायला हे कधी सांगितलं नाही, आणि हा कागदही कुठे पोचायचा नाही, म्हणून तुला सांगते. तू हात आडवा धरलास, बा, तेव्हा तुझी बोटं जरा फाकलेली होती. ते मी पाहिलं होतं.