कुरियरचं खोकं

मंगळवार, संध्याकाळ

बैहरच्या बसस्टँडवर लावायचा, गाड्यांच्या वेळा दाखवणारा बोर्ड माझ्या टेबलावर आहे. लिनक्स सुरू होते, पण पडदा काळाच. पडदा चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, बोर्डाच्या कंपनीचा, कुलूपबंद; आत काय आहे ते कोणाले दाखवत नाहीत. त्यांचा साहेब काल फोनवर म्हणे, "मॅडम, बालाघाटात बसून हे नाही व्हायचं. बोर्ड पुण्याला पाठवा."

बालाघाटात बसून! मग कुठं बसू? तरी कुरियरसाठी खोकं आणलं. दिवसभर ते माझ्याकडंच पाहून राह्यलं.

काहून नाही होणार? दुपारी सुचलं. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, नवंकोरं मीच हौसेनं टाकलतं, आणि ड्रायव्हर जुन्यासाठी बनलेला. हे त्या साहेबानं सांगितलं का? नाही. जुनं परत टाकलं, बोर्डात भरायची सारी इमेज पुन्हा बनवली, बोर्ड चालू केला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली: परसवाडा, बालाघाट, बिरसा.

मी ओरडली तशी आई आली. पडदा पाहिला, मग खोकं. "हे रिकामं हाय का? कांदे ठेवतो."

आत्ताच साहेबाचा फोन आलता. "खोकं भरलं का, मॅडम?"

"हौ," मी म्हटलं, "कांद्यानं भरलं."